आंब्याची कणी का गळते? मोहोरावरचा भुरी रोग कसा ओळखायचा आणि कसा आवरायचा?

महाड आणि पोलादपूरच्या आंबा बागायतदारांसाठी मोहोराचे दिवस निर्णायक असतात. झाड मोहोराने भरतं, पण काही दिवसांतच मोहोर पांढुरका दिसू लागतो आणि झाडाखाली बारीक फळांचा सडा पडतो. यामागे अनेकदा भुरी रोग असतो.

भुरी म्हणजे काय?

'ओइडियम मँजिफेरी' या बुरशीमुळे हा रोग होतो. मोहोराचे दांडे, फुलं, कोवळी पानं आणि कणी यांवर पिठासारखी पांढरी पावडर दिसते. फुलं तपकिरी होऊन सुकतात आणि फळं गोटीएवढी होण्याआधीच गळतात.

पाऊस नसतानाही रोग का येतो?

बहुतेक बुरशींना वाढण्यासाठी ओली पानं लागतात. भुरीला मात्र थंड रात्री, दमट हवा आणि ढगाळ वातावरण पुरतं. पुढे वारा तिचे बीजाणू झाडोझाडी नेतो. महाड आणि पोलादपूर हे तालुके सावित्रीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. हिवाळ्यात इथे धुकं आणि गारठा असेल, तेव्हा बागेवर रोज लक्ष ठेवावं लागतं.

प्रत्येक गळ भुरीमुळेच होते का?

नाही. आंब्याच्या एका मोहोरात हजाराहून जास्त फुलं असू शकतात, पण त्यातली 1 टक्काही फळं शेवटपर्यंत टिकत नाहीत. त्यामुळे थोडी गळ नैसर्गिकच असते.

- पांढरी पावडर: भुरी
- अवकाळी पावसानंतर फुलांवर काळे ठिपके: करपा
- चिकट पानं आणि त्यांवर काळा थर: तुडतुड्यांचा प्रादुर्भाव
- यांपैकी काहीच नाही, पण उन्हाचा तडाखा आहे: पाण्याचा ताण

पाण्याच्या ताणामुळे होणाऱ्या गळीवर बुरशीनाशक फवारलं, तर पैसे वाया जातात. तिथे झाडाला पाणी आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन उपयोगी पडतं.

उपाय काय?

- पावसाळ्यानंतर वाळलेल्या फांद्या आणि जुना मोहोर काढून टाका. दाट झाडाची विरळणी केली की आत ऊन आणि वारा खेळतो.
- मोहोर फुटू लागताच पाहणी सुरू करा. भुरी दिसताच 10 लिटर पाण्यात 80 टक्के पाण्यात मिसळणारं गंधक 20 ग्रॅम किंवा 5 टक्के हेक्झाकोनॅझोल 5 मिली मिसळून फवारणी करा.
- पुन्हा फवारणी लागलीच तर औषध बदला. तेच ते वापरल्याने बुरशी त्याला दाद देईनाशी होते.
- गंधक भर उन्हात फवारू नका, मोहोर करपतो.
- फुलं पूर्ण उमललेली असताना शक्यतो फवारणी टाळा. परागीभवन करणाऱ्या माश्या आणि कीटक मेले, तर फळधारणाच घटते.

औषधाच्या डब्यावरच्या सूचना आधी वाचा. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आंब्यासाठी फवारणीचं वेळापत्रक देतं. तालुका कृषी कार्यालयातही सल्ला मिळतो.

विम्याचं काय?

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई हवामान केंद्रातल्या नोंदींवरून ठरते, गळलेली फळं मोजून नाही. गळून गेलेली कणी फवारणीने परत येत नाही. म्हणून पावडर पहिल्यांदा दिसते, तीच फवारणीची खरी वेळ.