पिच सत्र

पिच सत्र म्हणजे होतकरू लेखकाने साहित्य अभिकर्त्यास (लिटररी एजंट) किंवा प्रकाशनसंस्थेच्या संपादकास समक्ष भेटून आपल्या अप्रकाशित पुस्तकाची ओळख करून देण्याची पद्धत होय. अमेरिकेतील लेखक-परिषदांमध्ये ती विशेष रूढ आहे.

अभिकर्त्याचा व्यवसाय १९व्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी नावारूपास आणला. रुडयार्ड किपलिंग हे त्यांच्या लेखकांपैकी एक होत. वॉट १० टक्के दलाली घेत. आज देशांतर्गत हक्कांवर ती साधारणतः १५ टक्के असते.

सत्र बहुधा १० मिनिटांत आटोपते. लेखक कादंबरीचा प्रकार, शब्दसंख्या, मुख्य पात्र व त्याच्यापुढील पेच सांगतो. पहिली कादंबरी असल्यास ती लिहून पूर्ण झालेली असावी, अशी अपेक्षा असते. भेटीत करार होत नाही. अभिकर्ता फार तर काही प्रकरणे मागवतो आणि ती वाचूनच निर्णय घेतो. त्यामुळे बोलण्यात संकोची असलेल्या लेखकास पत्राचा मार्ग तितकाच खुला राहतो.

संयोजक सत्रासाठी अनेकदा शुल्क आकारतात. ते भेटीचे असते, स्वीकृतीचे नव्हे. बाड वाचण्यासाठी लेखकाकडून पैसे घेणे मात्र अमेरिकी अभिकर्त्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेस मान्य नाही. अशी मागणी झाल्यास लेखकाने सावध व्हावे.

फ्रँकफर्ट व लंडन येथील ग्रंथमेळ्यांत अभिकर्ते मुख्यतः प्रकाशकांशी अनुवादादी हक्कांचे व्यवहार करण्यास येतात. त्यांच्या भेटी आधीच ठरलेल्या असल्याने तेथे अनाहूतपणे बाड पुढे करणे सहसा निष्फळ ठरते. मराठीत लेखक बहुधा थेट प्रकाशकाशीच संपर्क साधतो. अभिकर्त्याची मध्यस्थी विरळ आहे.