नाव नवे, नोंद जुनी : ‘रत्नाकर’ची ‘आरबीएल’ झाली त्याची गोष्ट

१/
कोल्हापुरात १९४३ साली स्थापन झालेल्या रत्नाकर बँकेने २०१४ मध्ये ‘आरबीएल बँक’ हे नाव धारण केले. पाट्या बदलल्या, चेकबुके बदलली, संकेतस्थळ बदलले. परंतु या बँकेतील खात्यावर दुसऱ्या बँकेतून पैसे पाठवताना जो आयएफएससी संकेतांक लिहावा लागतो, त्याची पहिली चार इंग्रजी अक्षरे आजही आर, ए, टी, एन अशीच आहेत. म्हणजे ‘रत्न’. रत्नाकर पाटीवरून उतरला, नोंदीतून उतरला नाही. हा विसराळूपणा म्हणावा की शहाणपण? त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

२/
नामसूचीचा आधुनिक इतिहास टेलिफोनपासून सुरू होतो. फेब्रुवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे टेलिफोनधारकांची पहिली यादी छापली गेली. एकच पान, त्यावर ५० नोंदी आणि क्रमांक एकही नाही. ग्राहकाने नाव सांगायचे आणि केंद्रावरील माणसाने जोडणी करून द्यायची. त्या व्यवस्थेत नाव हाच पत्ता होता आणि नाव हीच किल्ली. पुढे क्रमांक आले, तरी क्रमांक शोधण्यासाठी आधी नाव ठाऊक असणे भागच होते.

३/
छापील सूचीला एक मोठी मर्यादा होती. एकदा पुस्तक बांधून घरोघरी गेले की पुढील आवृत्तीपर्यंत त्यातील अक्षर हलत नसे. मधल्या काळात एखाद्या पेढीने नाव बदलले, तर ग्राहक जुन्याच नावाखाली तिला शोधत राही. यावर उपाय होते ते सूचीबाहेरचे: वर्तमानपत्रातील जाहीर निवेदन, पत्रशीर्षावर ‘पूर्वीचे नाव’ सांगणारी ओळ आणि गल्लीतील प्रत्येक दुकान ओळखणारा पोस्टमन. यंत्रांच्या आधीच्या काळात हा पोस्टमनच जुन्या आणि नव्या नावांमधला दुवा होता.

४/
व्यक्तीच्या नावबदलासाठी महाराष्ट्रात शासकीय राजपत्राची वाट रुळलेली आहे. त्यातील नोंदीचे स्वरूप पाहण्यासारखे असते. ती केवळ नवे नाव जाहीर करत नाही; जुने नाव आणि नवे नाव एकत्र छापते. वृत्तपत्रेही एखाद्या संस्थेविषयी लिहिताना ‘पूर्वाश्रमीची’ असा शब्द जोडतात. दोन्हींमागील विचार एकच आहे. नवे नाव सांगणे हे अर्धे काम. ते कोणाचे, हे सांगितल्यावरच काम पूर्ण होते.

५/
कंपन्यांच्या बाबतीत हाच विचार कायद्यात उतरला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३ नुसार नाव बदलण्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव आणि शासनाची मान्यता लागते. त्याचबरोबर कलम १२ सांगते की, गेल्या दोन वर्षांत नाव बदललेल्या कंपनीने जेथे जेथे आपले नाव रंगवायचे, लावायचे वा छापायचे, तेथे तेथे पूर्वीचे नावही द्यायचे. नव्या नावाच्या उत्साहात जुने पुसून टाकण्याची मुभा कायदा देत नाही. घेणेकऱ्याला आपला ऋणको ओळखता आला पाहिजे, हा त्यातील साधा हिशोब आहे.

६/
नावबदलाचे याहून मोठे उदाहरण यूटीआय बँकेचे. युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ही बँक स्थापन झाली आणि १९९४ मध्ये तिचे कामकाज सुरू झाले. पुढे २००३ मध्ये खुद्द युनिट ट्रस्टचेच विभाजन झाले. ‘यूटीआय’ हे नाव लावणाऱ्या, परंतु बँकेशी संबंध नसलेल्या अन्य संस्थाही होत्या. नाव एक आणि धनी अनेक, अशी ही स्थिती. अखेर ३० जुलै २००७ पासून ही बँक ‘ॲक्सिस बँक’ झाली.

७/
शेअर बाजारातील तिचे संक्षिप्त नाव बदलले, शाखांचे रंगरूप बदलले. मात्र तिच्या आयएफएससीची पहिली चार अक्षरे यू, टी, आय, बी अशी होती आणि आजही तीच आहेत. हा संकेतांक ११ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँक दाखवतात, पाचव्या जागी शून्य असते आणि उरलेल्या सहा जागा शाखेची ओळख सांगतात. ॲक्सिसच्या खात्यात पगार जमा करणारी प्रत्येक आस्थापना, ठाऊक असो वा नसो, यूटीआय बँकेचे नाव लिहीतच असते.

८/
हा संकेतांक का बदलला नाही, याचे उत्तर एका विलीनीकरणात सापडते. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून सिंडिकेटचे जुने आयएफएससी बंद झाले. तेव्हा त्या शाखांतील खातेदारांना आपला नवा संकेतांक पगार देणाऱ्या कार्यालयाला आणि पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाला कळवावा लागला. तेथे एक संस्था दुसरीत मिसळली होती, म्हणून तो त्रास अटळ होता. रत्नाकर किंवा यूटीआय बँक कोणात मिसळली नव्हती. संस्था तीच होती, केवळ नाव नवे होते. मग लाखो लोकांनी जपून ठेवलेली किल्ली का मोडावी?

९/
आता हीच गोष्ट लहान दुकानदाराच्या दारात आली आहे. १९९६ मध्ये मुंबईत जस्टडायलची सेवा सुरू झाली आणि नाव वा व्यवसाय सांगून फोनवर पत्ता मिळू लागला. २००४ मध्ये गूगल लोकल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आले. सूची पुस्तकातून पडद्यावर गेली. आता दुरुस्तीसाठी पुढील आवृत्तीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. समस्या संपली, असे वाटावे असा तो काळ होता. प्रत्यक्षात तिने रूप बदलले.

१०/
पूर्वी सूची एक होती आणि ती हलत नव्हती. आता सूची अनेक आहेत आणि त्या एकमेकींकडून माहिती उचलतात. नकाशे, खाद्यपदार्थ पोहोचवणारी ॲप्स, व्यवसाय-निर्देशिका, समाजमाध्यमांवरील पाने, पैसे स्वीकारण्याचे क्यूआर फलक अशा प्रत्येक ठिकाणी दुकानाची एकेक स्वतंत्र नोंद असते. एका जागी नाव सुधारले आणि चार जागी जुने राहिले, तर काही दिवसांनी सुधारलेल्या जागीही जुने नाव परत उगवू शकते. यंत्र नाव, पत्ता आणि फोन क्रमांक जुळवून पाहते; बहुमत जुन्या नावाच्या बाजूने असेल, तर ते त्यावरच विश्वास ठेवते.

११/
येथे सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नव्या नावाने सरळ नवी नोंद उघडणे. त्यामुळे एकाच पत्त्यावर दोन दुकाने दिसू लागतात. ग्राहकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले अभिप्राय जुन्या नोंदीवर राहतात आणि नवी नोंद कोरी दिसते. त्यातच कोणी जुनी नोंद ‘कायमची बंद’ म्हणून कळवली, तर चालू दुकान बंद पडल्याचा समज पसरतो. मालक, जागा आणि व्यवसाय तोच असेल, तर जुन्या नोंदीतच नाव बदलणे हा खरा मार्ग. रत्नाकरच्या संकेतांकाचे तत्त्व हेच होते: ओळख ठेवा, नाव बदला.

१२/
क्रमही महत्त्वाचा ठरतो. दुकानाचे नाव प्रत्यक्ष पाटीवर, संकेतस्थळावर आणि छापील कागदांवर जसे आहे तसेच लिहावे, असा गूगलचा नियम आहे. नावाला जाहिरातीची विशेषणे जोडणे त्यात बसत नाही. बदल कळवल्यावर पडताळणी पुन्हा मागितली जाऊ शकते आणि तेव्हा पुरावा म्हणून पाटीच दाखवावी लागते. म्हणून आधी नोंदणीची कागदपत्रे आणि पाटी, मग संकेतस्थळ, त्यानंतर मुख्य नकाशा आणि शेवटी उरलेल्या सर्व सूची एकामागून एक तपासणे श्रेयस्कर. वर्णनात ‘पूर्वीचे नाव अमुक’ ही ओळ काही काळ ठेवली, तर जुन्या गिऱ्हाइकाचा गोंधळ होत नाही.

१३/
या इतिहासात एक गमतीचा योगही आहे. व्यवसायांना नाव अद्ययावत ठेवण्यास सांगणाऱ्या गूगलच्या या सेवेने स्वतःचेच नाव वारंवार बदलले. २०१० मध्ये ती ‘गूगल प्लेसेस’ होती, २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ झाली आणि २०२१ मध्ये ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’. तरीही अनेक व्यावसायिक बोलताना मधलेच नाव घेतात. सूचीचे नाव बदलले. लोकांच्या जिभेवरची नोंद बदलायला अजून अवकाश आहे.

१४/
नाव बदलण्याचा अधिकार मालकाचा असतो. नोंद मात्र शोधणाऱ्यासाठी असते आणि शोधणारा बहुधा जुनेच नाव घेऊन येतो. राजपत्रातील नोंद, कलम १२ ची दोन वर्षे आणि बँकांचे न बदललेले संकेतांक या तिन्ही गोष्टी त्या शोधणाऱ्याचा विचार करतात. आरबीएलच्या ग्राहकाला ‘रत्न’ ही अक्षरे कुठून आली हे ठाऊक असण्याची गरज नाही. १९४३ च्या कोल्हापुरातून निघालेली ती चार अक्षरे त्याचे पैसे आजही योग्य जागी पोहोचवतात.