पोचल्याचं पत्र

आपल्याकडे माणूस प्रवासाला निघाला की त्याला दोन गोष्टी बजावून सांगतात. खिडकीबाहेर हात काढू नकोस, आणि पोचल्याबरोबर पत्र टाक. पैकी पहिली सूचना मी आयुष्यभर पाळली. दुसरीपायी मात्र मी आणि माझ्या आईने जे भोगलं, तो या देशाच्या दळणवळणाचा एक छोटासा इतिहासच आहे.

इंग्रजाने १८७९ साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड आणलं. किंमत पाव आणा. एवढ्या पैशात नुसतं ‘पोचलो’ लिहिणं आमच्या वाडवडिलांच्या जिवावर येई. म्हणून समासात आडवं, पत्त्याच्या बाजूला उभं लिहून ते पाव आणा वसूल करत. एकच खोट होती. कार्ड घरी पोचेपर्यंत पुष्कळदा माणूसच परत आलेला असे आणि स्वतःच्या खुशालीचं पत्र स्वतःच वाचून दाखवी.

तार त्याहून जुनी. सामान्य माणसासाठी ती १८५५ साली खुली झाली. १९७४ साली मी मुलाखतीसाठी चिपळूणहून नागपूरला गेलो. आईला दीड दिवसाच्या प्रवासाची काळजी, म्हणून मी मोठ्या ऐटीत इंग्रजीतून ‘सुखरूप पोचलो’ अशी तार ठोकली. आता आमच्या आळीत तार म्हणजे कुणीतरी गेलं, हे ठरलेलं. तारवाल्याची सायकल दिसताच बायका जमल्या. इंग्रजी वाचायला शेजारचे निवृत्त मास्तर आले. त्यांनी तार आधी मनात वाचली, मग सवयीप्रमाणे चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसू लागले. तेवढ्यात आईची शुद्ध हरपली. आठवड्याने वडिलांचं कार्ड आलं : ‘यापुढे सुखरूप पोचल्यास कळवू नये.’

(२०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. आमच्या आळीतून कुणी केली नसावी.)

ट्रंककॉलबद्दल फारसं बोलत नाही. सकाळी नंबर लावायचा, दुपारी लागायचा, आणि तीन मिनिटांतली अडीच ‘ऐकू येतंय का?’ यात जायची. कानपूर-लखनौ यांच्यात १९६० साली एस.टी.डी. सुरू झाली होती, पण आमच्या घरापर्यंत यायला तिने बराच वेळ घेतला. ऐंशीच्या दशकात पिवळ्या पाट्यांची बूथं निघाली. रात्री अकरानंतर पाव दर, त्यामुळे अकराला पाच कमी असताना बूथबाहेर लग्नातल्या पंगतीसारखी रांग. समोर मीटरचे लाल आकडे धावताहेत आणि मागे दहा माणसं कान देऊन उभी. अशा वेळी बायकोशी ‘पाणी येतंय ना?’ याखेरीज दुसरं काय बोलणार?

१९९५ साली ३१ जुलैला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातला पहिला मोबाइल कॉल केला. पुढे ते यंत्र माझ्याही खिशात आलं आणि त्यातून मराठी माणसाने फुकटची तार शोधून काढली : मिस्ड कॉल. आमचा करार साधा होता. मी पोचलो की चिपळूणच्या फोनवर दोन घंटा देणार, आईने उचलायचा नाही. दमडी खर्च नाही, बातमी पोचली.

आई पहिल्याच घंटेला उचलायची.

‘अगं, उचलायचा नाही ठरलंय ना?’

‘चुकून उचलला रे. जेवलास का?’

दर खेपेला चुकूनच. फोनशेजारी पाट मांडून बसलेली असायची, हे मला ती गेल्यावर बहिणीने सांगितलं.

आता मुलगा प्रवासाला निघाला की माझ्या फोनच्या नकाशावर त्याचा निळा ठिपका धावतो. परवा तो बंगलोरला गेला. ठिपका विमानतळावर आला आणि पाऊण तास हलेना. मी दोनदा चष्मा पुसला. शेवटी फोन लावला.

‘बाबा, दिसतंय ना तुम्हाला? सामानाची वाट बघतोय.’

‘चुकून लागला रे,’ मी म्हटलं. ‘जेवलास का?’