हर्बेरियमचा कागद
हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, रोप फुलासकट, शक्यतो मुळासकट काढून कागदाच्या घड्यांत दाबून वाळवतात, मग जाड कागदावर चिकटवतात. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर जातीचे नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. असे जपलेले एक फूल म्हणजे दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या टेकड्यांवरचे ‘अर्ली स्पायडर ऑर्किड’ (ऑफ्रिस स्फेगोडिस). त्याची तपकिरी, लवदार पाकळी अँड्रीना या रानमधमाशीच्या मादीसारखी दिसते, वासही तसाच. फसलेला नर परागकण घेऊन जातो. लंडनचे क्यू उद्यान आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम इथले, या ऑर्किडचे १८४८ ते १९५८ या काळातले ७७ नमुने हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिले गेले. मार्च ते मे महिन्यांचे सरासरी तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की फूल सुमारे ६ दिवस आधी उमलते, असा या तुलनेचा निष्कर्ष २०११मध्ये प्रसिद्ध झाला. ससेक्समध्ये १९७५ ते २००६ या वर्षांत प्रत्यक्ष रानात केलेल्या नोंदीही तेच सांगतात. हौसेने फुले जमवणाऱ्यांनी नेमाने तारखा लिहिल्या, त्यांचे हे मोठेच देणे. मात्र चिठ्ठीवरची तारीख रोप गोळा केल्याची असते, पहिले फूल उमलल्याची नव्हे.