लोकगीत झालेलं गाणं आणि त्याचे दोन कर्ते

आज आपण एक प्रश्न घेऊन बसू या. गाणं सगळ्यांचं झालं, की ज्यांनी ते केलं त्यांचं काय उरतं? उदाहरण घेऊ 'सायलेंट नाइट'चं. नाताळात जगभर गायलं जाणारं हे गीत मूळचं जर्मन, 'श्टिले नाख्ट'.

साल्झबुर्गजवळ साल्झाख नदीच्या काठी ओबेर्नडोर्फ हे नावाड्यांचं गाव. २४ डिसेंबर १८१८ रोजी तिथले साहाय्यक धर्मगुरू योझेफ मोर यांनी आपली कविता फ्रान्झ झावर ग्रुबर यांच्या हाती दिली. ग्रुबर शेजारच्या आर्न्सडोर्फचे शिक्षक. ओबेर्नडोर्फच्या चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत. दोन आवाज, कोरस आणि गिटारची साथ, एवढीच मोर यांची मागणी. ग्रुबर यांनी त्याच दिवशी चाल बांधली आणि रात्री दोघांनी ते गायलं.

पुढे टिरोलमधल्या रायनर आणि श्ट्रासर या गाणाऱ्या कुटुंबांनी ते दूरवर नेलं. १८३०च्या दशकात द्रेस्डेनमध्ये ते छापलंही गेलं, पण 'अस्सल टिरोली गीत' म्हणून. कर्त्यांची नावं नाहीत! १८३९मध्ये रायनरांनी ते न्यूयॉर्कमध्ये गायलं. गाणं समुद्रापार पोचलं आणि मोर मात्र १८४८मध्ये वाग्राइन या खेड्यात गरिबीत वारले.

१८५४मध्ये बर्लिनच्या राजदरबारी संगीतमंडळाने साल्झबुर्गला विचारणा केली: हे गीत मिखाएल हायडन यांचं का? म्हणजे बघा, चांगली रचना दिसली की आपण थोर नाव शोधतो. ही चौकशी ग्रुबर यांच्यापर्यंत आली. ३० डिसेंबरला त्यांनी सगळी हकीकत लिहून दिली आणि शब्दांचं श्रेय दिवंगत मित्राला दिलं.

आता ती उंदरांची गोष्ट. उंदरांनी ऑर्गन कुरतडला, म्हणून गिटार आली, असं सांगतात. ग्रुबर यांच्या निवेदनात ऑर्गन बिघडल्याचा उल्लेखही नाही. दंतकथेला योगायोग आवडतो; दोन माणसांनी ठरवून केलेलं काम तिला पुरेसं वाटत नाही.

१९९५मध्ये मोर यांच्या हातची प्रत उजेडात आली. तीत चालीपाशी ग्रुबर यांचं नाव आहे आणि शब्दांपाशी स्वतःच्या नावासोबत साल आहे १८१६. म्हणजे कविता दोन वर्षं आधीची. आणि १८१६ म्हणजे काय, तर नेपोलियनची युद्धं नुकतीच संपली होती, साल्झबुर्ग ऑस्ट्रियाकडे जात होतं. नव्या सरहद्दीने ओबेर्नडोर्फ आणि पलीकडचं लाउफेन, एकच वस्ती, दोन राज्यांत तुटली. अशा काळात लिहिलेल्या शब्दांतली शांतता आयती मिळालेली नव्हती, मागितलेली होती. 'टिरोली लोकगीत' ही चिठ्ठी लागली, तेव्हा नावांबरोबर हा संदर्भही पुसला गेला.

तेव्हा आपण काय म्हणू या? गाण्यावर हक्क सगळ्यांचा, पण ऋण दोघांचं. ही दोन्ही विधानं एकदम खरी असू शकतात. इतिहासाचं काम दुसरं विधान विसरू न देण्याचं.