तुघलकाचा भूगोल

मुहम्मद तुघलकाला अकरावीच्या भूगोलात पैकीच्या पैकी मार्क पडले असते. 'राजधानीची जागा निवडा, कारणे द्या' हा प्रश्न त्यानं १३२७ साली सोडवला: दौलताबाद! कारण, राज्याच्या मध्यभागी. इतिहासकार बरनीनंही तेच नोंदवलंय. शिवाय बेसाल्टचा डोंगर, तासून उभे केलेले कडे, खडकात खोदलेला खंदक. शत्रूची काय बिशाद! आमच्या वर्गाला हे उत्तर तोंडपाठ. सर मात्र म्हणत, "आधी नकाशाचं प्रमाण वाचा रे!" कागदावर वीतभर दिसणारी दिल्लीची वाट प्रत्यक्षात हजार किलोमीटरहून लांब. माणसं ती पोराबाळांसकट तुडवत आली. कित्येक वाटेतच गेली. पुढे काही वर्षांनी सुलतानानं परत जायची मुभा दिली. म्हणजे पुन्हा तेवढंच चालणं आलं.