पानमळ्याची ओल

नागवेल मूळची ह्या मुलखाची नव्हे. मलय द्वीपसमूहातील सदापर्णी अरण्यांत, जेथे उंच वृक्षांच्या छायेखाली वाऱ्याला फारसा शिरकाव नाही आणि भूमीवरचा पालापाचोळा बारा महिने ओलाच असतो, तेथे ती प्रथम झाडाच्या बुंध्याला बिलगून चढली, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आणि असे असताही अमरकोशाच्या काळापर्यंत तांबूलवल्ली व नागवल्ली ह्या दोन्ही नावांनी ती आपल्याकडे पुरती रुळली होती, आणि पुढे तर देवाच्या पूजेपासून दरबारच्या निरोपापर्यंत तिच्या पानावाचून कोणतेही कार्य अडावे, इतकी तिची प्रतिष्ठा वाढली. परंतु ज्या मुलखात वैशाखात वाळत घातलेले लुगडे घटकाभरात खडखडीत होते, त्या मुलखात ही छायाप्रिय वेल जगविली कोणी आणि कशी, ह्या प्रश्नाकडे आमच्या इतिहासकारांनी विडा चघळताना तरी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

किनारपट्टीवर हा प्रश्न उद्भवतच नाही. गोव्याच्या कुळागरात पोफळीच्या खोडांवर मिरी आणि नागवेल शेजारी शेजारी चढतात, खाली केळीची दाटी असते, आणि डोंगरातून उतरलेले पाणी पाटापाटाने झाडांच्या मुळांशी खेळत असते. वसईच्या वाड्यांना समुद्राची दमट हवा फुकट मिळते. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने ही वेल द्राक्षीप्रमाणे बोरूच्या मांडवावर चढविलेली किंवा नारळीच्या खोडाला सोडलेली पाहिली, आणि तिला फळ धरत नाही, सारा खटाटोप केवळ पानांसाठी असतो, हेही त्याने नमूद करून ठेवले. त्याची नजर चांगली होती. आपल्याकडे ही वेल क्वचितच फुलते, बीज तर जवळजवळ धरीतच नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिची लावण कांड्यांनीच होत आली आहे, आणि एका कांडीचे दुखणे साऱ्या मळ्याचे दुखणे व्हावयाचे, ही आपत्तीही त्यातूनच ओढवलेली आहे.

घाट चढून देशावर आले, आणि तेथून वऱ्हाड-नागपूरकडे किंवा बुंदेलखंडाकडे वळले, की निसर्गाचे हे औदार्य संपते. नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते. हवेत बाष्प किती आहे एवढ्यावरच वनस्पतीचे सुखदुःख अवलंबून नसते; त्या उष्णतेची हवा आणखी किती बाष्प मागते, ह्यावर ते ठरते. नागवेलीचे पान रुंद व कोवळे. बाभळीसारखी आपली पाने आखडून घेण्याची सोय तिला नाही. मुळांना पाणी कितीही पाजले तरी, भोवतीची हवा जर मुळे पुरवितात त्याहून वेगाने पाणी ओढू लागली, तर पान कडेने करपते आणि वेल मान टाकते. म्हणजे ह्या शेतकऱ्याला पाणी तर जमिनीला द्यावयाचेच असते, पण त्याहून अधिक हवेला द्यावयाचे असते. आणि हवा ही बांध घालून अडविता येणारी वस्तू नव्हे.

तिला अडविण्याच्या दोन तऱ्हा ह्या देशात रूढ झाल्या. पहिली आमच्याकडची, पानमळ्याची. वेलीच्या कांड्या लावण्यापूर्वी काही महिने वाफ्यांत शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा ह्यांचे बी पेरावयाचे, कडेने दाट शेवरीचे किंवा केळीचे कुंपण उभारावयाचे, आणि उन्हाचा मारा व उष्ण वारा ज्या अंगाने येतो ते अंग तट्ट्यांनी आणखी भक्कम करावयाचे. मग ह्या जिवंत मांडवात, ह्या झाडांच्याच आधारे, लव्हाळ्याने किंवा केळीच्या सोपटाने बांधीत बांधीत वेल वर न्यावयाची. उन्हाळ्यात आधाराची झाडे पानांनी भरलेली राहू द्यावयाची, पावसाळा आला की त्यांच्या फांद्या छाटून प्रकाशाला व वाऱ्याला वाट करून द्यावयाची. ह्या छाटणीत माळ्याची खरी परीक्षा असते. कोयता चार दिवस लवकर चालला तर ऊन आत घुसते, चार दिवस उशिरा चालला तर आत कोंदटपणा साचून कूज लागते. वेल मनुष्याच्या हाताबाहेर उंच गेली की वर्षातून एकदा ती उतरवावयाची, खालचे पानझड झालेले खोड वेटाळून मातीत गाडावयाचे आणि शेंडा पुन्हा जमिनीपाशी आणून नव्याने चढू द्यावयाचा. ह्या रीतीने सांभाळलेला मळा दहा-पंधरा वर्षे पाने देतो.

आमच्या जुन्या महसुली दफ्तरांत बागाइताचे मोटस्थळ आणि पाटस्थळ असे दोन भाग पाडलेले असत. विहिरीवर मोट चालवून भिजणारी जमीन निराळी, ओढ्यानदीच्या पाटाने भिजणारी निराळी. पानमळ्याला बारमाही आणि वरचेवर पाणी हवे, म्हणून जेथे विहीर आटत नाही किंवा पाट तुटत नाही तेथेच तो उभा राहिला. त्याच्या पिकाचे गावगाड्यातील स्थान तर ठरलेलेच होते. तांबोळी हा अलुतेदारांच्या यादीत येतो. आणि टिळा-विड्याचा पहिला मान कोणाचा ह्यावरून वतनदार घराण्यांत जे तंटे पेटले, त्यांचे महजर व निवाडे वाचताना असे वाटते की ह्या एका पानाने आमच्या गावोगावच्या कारकुनांना पुष्कळ काम पुरविले. ज्याने ते पान पिकविले त्याचे नाव मात्र ह्या कज्ज्यांत कोठे येत नाही.

दुसरी तऱ्हा बरेजाची. बुंदेलखंडात महोब्याच्या बाजूस, आणि बरज ह्या नावाने बंगालमध्ये, नागवेलीसाठी सबंध घरच बांधतात. बांबूचे किंवा बल्ल्यांचे खांब, त्यांवर बांबूच्या कामट्यांची चौकट, भिंती गवताच्या, बोरूच्या अथवा तागाच्या काड्यांच्या, आणि वर गवताचे विरळ छप्पर, इतके विरळ की आत ऊन पडू नये पण उजेड गाळून यावा. छताची उंची मनुष्य उभा राहून चालू शकेल एवढीच. आत अरुंद रांगा, रांगांमधून एका माणसाला जेमतेम जाता येईल एवढी वाट. बाहेरच्या रखरखीतून आत पाऊल टाकताच अंगाला लागणारा फरक एका पावलाचा नसून जणू एका प्रांताचा असतो. थंडीत वेलीला गारठा सोसवत नाही म्हणून भिंती दाट करतात. पावसाळ्यात छप्पर विरळ होते. उन्हाळ्यात पुन्हा गवत चढते. हवामानाचे यंत्र म्हणावे तर हेच, फक्त त्याला चावी नाही, माणसाचे हात आहेत.

त्या हातांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. पाणी घालणारा मातीचा घडा खांद्यावर घेतो, त्याचे तोंड पुढे कलते करतो, आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या तोंडाशी असा धरतो की धार न पडता पाण्याचा शिडकावा व्हावा. शिडकावा देत तो अरुंद वाटेने पुढे सरकत जातो. वेलीची मुळे भिजतात, माती भिजते, आणि भिंतीच्या गवतावरही थेंब उडतात. कडक उन्हाळ्यात ही फेरी दिवसातून अनेकदा करावी लागते. एकदम पुष्कळ पाणी ओतून चालत नाही, कारण मुळांशी पाणी साचले की वेल गेलीच. थोडे थोडे आणि वारंवार, हाच नियम. ओल्या मातीतून व गवतातून उडणारे बाष्प गवताच्या भिंतींआड अडकून राहते, उडताना आतील उष्णताही घेऊन जाते, आणि मग त्या चौकटीत बाहेरच्यापेक्षा निराळी हवा तयार होते. आर्द्रतामापक हे उपकरण ज्याने कधी डोळ्यांनी पाहिले नाही त्या माणसाने मातीचा गोळा मुठीत दाबून आणि पानाची पाठ बोटाने चाचपून हे सारे चालविले.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की जितकी ओल अधिक तितकी नागवेल सुखी. तसे नाही, आणि ह्या व्यवसायाचा सारा अवघडपणा त्यातच आहे. शुष्कता वेलीला दिवसांत मारते, अतिरिक्त ओल तिला रात्रीत मारते. दमट, निर्वात आणि उबदार जागी बुरशीचे राज्य असते. खोड मातीपाशी काळे पडते, पाने पिवळी होतात आणि पाहता पाहता रांगच्या रांग बसते. मळेकरी ह्याला मर म्हणतात. मध्य प्रांतात, नागपूर येथे, जहांगीर फरदुनजी दस्तूर ह्या पारशी बुरशीतज्ज्ञाने ह्या रोगाचा पिच्छा पुरविला. पुसा येथे एरंडावरील एका रोगाचा अभ्यास करताना त्यांनी १९१३ साली एका नव्या बुरशीचे वर्णन केले होते. तिचाच एक प्रकार पानवेलीचा मुळाशी घात करतो, हे त्यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या पानवेलीच्या रोगांवरील निबंधात मांडले. ह्या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीवर साचलेल्या पाण्याच्या पातळ थरातून ते एका वेलीकडून दुसरीकडे जातात, आणि माणसाच्या पायाला चिकटलेली ओली माती त्यांना एका मळ्यातून दुसऱ्यात पोहोचविते. उपाय म्हणून मोरचूद व चुना ह्यांच्या बोर्डो मिश्रणाची शिफारस झाली. पानाला चुना लावण्याची ही दुसरी तऱ्हा.

दस्तूरांचे हे संशोधन माहीत झाल्यावर बरेजाचे जुने निर्बंध निराळ्या दृष्टीने वाचावेसे वाटतात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात पान पिकविणाऱ्या बरई जातीची हकीकत आहे. पांडवांच्या यज्ञासाठी पान हवे झाले तेव्हा पाताळात नागांच्या राणीने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले, ते जमिनीत रोवले आणि त्यातून ही वेल उगवली, म्हणून ती नागवेल आणि म्हणूनच तिला ना फूल ना बीज, अशी कथा ते लोक सांगत. नागपंचमीला बरेजात जाऊन नागाची पूजाही करीत. बंगालात स्नान केल्याशिवाय बरजात शिरत नसत. जोडे घालून आत जाणे तर सर्वत्रच निषिद्ध. परक्या माणसाला सहसा प्रवेश नाही. ह्या नियमांत शिवाशिवीचा अन्याय्य भागही होता, विशेषतः स्त्रियांना विशिष्ट दिवसांत जी बंदी असे तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु जोड्यांची बंदी आणि धुतलेले पाय ह्यांनी परमुलखाची माती बाहेर राहिली, आणि दार वरचेवर न उघडल्याने आतली ओल आत राहिली, हे नाकारता येत नाही. नागाच्या भयाने जे पाळले गेले ते बुरशीच्या भयाने पाळले गेले असते की नाही, ह्याची मला शंकाच आहे.

लंडनच्या पूर्व भागात वैद्यकी करणाऱ्या नॅथॅनिएल वॉर्ड ह्यांना १८२९ साली, पतंगाचा कोश ठेवलेल्या झाकणबंद बाटलीतील ओल्या मातीत, नेचा व गवत आपोआप उगवलेले दिसले. त्या शहराच्या कोळशाच्या धुराने त्यांचे उघड्यावरचे नेचे मेले होते, पण बाटलीतले जगले. त्यातून निघालेल्या काचेच्या पेट्यांनी १८३३ साली लंडनहून सिडनीपर्यंत रोपे जिवंत नेली, आणि पुढे चहा, सिंकोना व रबर ह्यांची साम्राज्यभर ने-आण केली. बंदिस्त जागेत वनस्पती वाढविण्याचा इतिहास बहुधा ह्या बाटलीपासून सांगतात. वॉर्ड ह्यांचे श्रेय मोठे आहे, परंतु त्यांची पेटी प्रवासासाठी होती. तीत रोप काही महिने तगले म्हणजे काम झाले. बरेजात वेल वर्षानुवर्षे वाढवावयाची, दर काही दिवसांनी तिची पाने खुडून बाजारात पाठवावयाची आणि त्यावर कुटुंब पोसावयाचे, त्यामुळे तेथे हवा कोंडून चालत नव्हते, ती मोजून आत घ्यावी लागत होती. काच हे काम करू शकत नाही, गवत करते.

खुडलेल्या पानाची चिंताही ओलीचीच. अंगठ्यावर पत्र्याची नखी चढवून देठासकट पान खुडतात, कवळ्या बांधतात, आणि केळीच्या पानांनी अस्तर केलेल्या करंड्यांत रचून वर ओले फडके घालतात. फडके सुकले तर पान वाळते, फार भिजले तर सडते, आणि न फिरविले तरीही सडते. करपलेली भाकरी, अडलेला घोडा आणि सडलेले पान ह्या तिघांना एकाच उत्तरात गोवणारे आमचे जुने कोडे तांबोळ्याच्या दुकानातच रचले गेले असावे. बनारसचे पानवाले तर आणखी पुढे गेले. मगही पानाच्या करंड्या बंद खोलीत कोळशाच्या उबेवर ठेवून, मध्ये मध्ये थंड करून, त्यांनी हिरवे पान पांढुरके व मऊ करण्याची विद्या साधली. म्हणजे वेलीपासून तुटल्यावरही पानाला एका बांधलेल्या हवेतून जावे लागते.

अबुल फझलने आईन-ए-अकबरीत पानांच्या जाती नोंदविल्या आहेत, बिलहरी, काकेर, जैसवार, कपुरी, कपूरकांत आणि बंगला; त्यांपैकी कपुरी अद्याप रामटेकच्या परिसराशी निगडित आहे. विदर्भातले बारी लोकांचे पानतांडे, म्हणजे पानमळे, पुष्कळ ठिकाणी मोडले. विहिरी आटल्या, मजुरी वाढली, गुटख्याच्या पुडीने पानाची गिऱ्हाइके पळविली. मिरज तालुक्यात आरग, बेडग, नरवाड ह्या गावांत मळे टिकून आहेत. आता पुष्कळ ठिकाणी शेवरीच्या जोडीला किंवा तिच्या जागी हिरवी जाळी ताणतात, आणि घड्याची जागा सूक्ष्म तुषारांच्या नळ्यांनी घेतली आहे. जाळीला कोयता लागत नाही ही तिची सोय, आणि पावसाळ्यात ती आपण होऊन विरळ होत नाही ही अडचण.

महोब्याच्या देसावरी पानाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाच्या कायद्याप्रमाणे एखाद्या जिन्नसाचा गुण त्याच्या जन्मभूमीच्या निसर्गाशी किंवा तेथल्या माणसांच्या कौशल्याशी जोडून दाखवावा लागतो. महोब्याचा निसर्ग म्हणजे ज्येष्ठातली लू आणि पौषातला गारठा. ह्या दोहोंपैकी कोणतेही एक, गवताची भिंत काढून घेतली तर, त्या वेलीला एका ऋतूत संपविण्यास पुरेसे आहे.